‘अपुरं प्रतिनिधित्व’ आहे हे दाखवायचं कसं? आकडे मागण्यापासून निवेदन देण्यापर्यंत

‘आमच्या समाजाला प्रतिनिधित्व नाही’ असं लिहिलेली निवेदनं सरकारी कार्यालयांच्या आवक शाखेत रोज येऊन पडतात. बहुतेकांवर ‘पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा बसतो आणि ती या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतात. कुठल्या कार्यालयात, कुठल्या गटात, किती पदांपैकी किती आणि कशाच्या मानाने कमी, यातलं काहीच त्यात नसतं. मग उत्तर द्यायची वेळच कुणावर येत नाही.

कर्मचारी संघटना आणि विद्यार्थी गटांना अशी माहिती मिळवून द्यायचं, तिचे तक्ते करायचं काम मी बरंच केलंय. नव्याने सुरुवात करणारे त्याच त्या चार-पाच ठिकाणी अडखळतात. त्यांच्यासाठी हा क्रम लिहून ठेवतोय. उदाहरणं मुख्यतः महाराष्ट्रातल्या सरकारी नोकऱ्यांची आहेत, पण महाविद्यालय, सहकारी संस्था किंवा साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावरची माणसं मोजायची असली तरी पद्धत हीच.

१. आधी शब्द नीट समजून घ्या

‘अपुरं प्रतिनिधित्व’ ही कल्पना राज्यघटनेच्या कलम १६(४) मधून येते. राज्याच्या सेवांमध्ये ज्या मागास वर्गाला पुरेसं प्रतिनिधित्व नाही असं राज्याचं मत असेल, त्याच्यासाठी पदं राखून ठेवता येतात, असं ते कलम सांगतं. त्यात दोन अटी आहेत: वर्ग मागास असावा आणि सेवांमध्ये त्याचं प्रतिनिधित्व अपुरं असावं. एक सिद्ध झाली म्हणजे दुसरी आपोआप होत नाही. ‘आम्ही मागास आहोत, म्हणजे प्रतिनिधित्व कमी असणारच’ हा युक्तिवाद सभेत चालतो, मागासवर्ग आयोगासमोर टिकत नाही.

दुसरा गोंधळ ‘पुरेसं’ आणि ‘लोकसंख्येच्या प्रमाणात’ यांचा. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कलम १६(४) पुरेशा प्रतिनिधित्वाबद्दल बोलतं, प्रमाणशीर प्रतिनिधित्वाबद्दल नाही. लोकसंख्येतला वाटा विचारात घेता येतो, पण ‘आम्ही ३० टक्के, म्हणून जागा ३० टक्के’ हे गणित कायद्याने बांधून दिलेलं नाही. पुरेसं म्हणजे किती, याचा ठोक आकडा न्यायालयाने आजवर दिलेला नाही. २०२२ च्या जर्नेल सिंग निकालातही तो ठरवण्याचं काम राज्यांवरच सोडलं. त्यामुळे तुमच्या निवेदनात तुम्हीच सांगायला हवं की तुम्ही ‘अपुरं’ कशाला म्हणताय.

तिसरं म्हणजे ‘अल्पसंख्य’ वेगळं आणि ‘अपुरं प्रतिनिधित्व’ वेगळं. स्त्रिया अल्पसंख्य नाहीत, तरी २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ म्हणजे १३.६ टक्केच निवडून आल्या. उलट संख्येने लहान असलेल्या एखाद्या समाजाला वरच्या पदांवर भरपूर जागा मिळालेल्या असू शकतात.

आधी मोजायचं आणि मग मागायचं, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या, तो आदेश मुळातून वाचण्यासारखा आहे. ज्या कार्यालयात मागासवर्गीयांचं प्रमाण ५० टक्क्यांहून कमी असेल तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातून करायची, आणि खातेप्रमुखांनी नेमणुकांचं तिमाही विवरण पाठवायचं, असं त्यात आहे. लोक त्यातली टक्केवारी लक्षात ठेवतात. मला ते तिमाही विवरण जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्याच्याशिवाय टक्केवारी पाळली की नाही हे महाराजांना कळलंच नसतं.

२. कुठे मोजणार ते ठरवा

‘महाराष्ट्र शासनात आमचे किती?’ हा प्रश्न कामाचा नाही. कार्यालय ठरवा, गट (अ ते ड, वरच्या पदांपासून खालच्या पदांपर्यंत) ठरवा, शक्य तर संवर्ग, म्हणजे एकाच प्रकारच्या पदांचा समूह, ठरवा. जर्नेल सिंग निकालाने (२८ जानेवारी २०२२) पदोन्नतीतल्या आरक्षणासाठी आकडेवारी संवर्गनिहायच गोळा करायला सांगितली. सगळी सेवा एकत्र धरून काढलेला आकडा चालणार नाही, असं म्हटलं. तुमचा मुद्दा पदोन्नतीचा नसला तरी हीच शिस्त पाळा.

कारण एकूण आकडा फसवतो. एखाद्या नगरपरिषदेचे सगळे कर्मचारी एकत्र मोजा, अनुसूचित जातींचं प्रमाण भरघोस दिसेल. गटवार फोडलं की कळतं, त्यातले बहुतेक सफाई कामगार आहेत. त्या कामात पिढ्यानपिढ्या तीच माणसं आहेत आणि सफाई कामगारांसाठीच्या लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसांनाही त्याच कामात घेतलं जातं. लेखापाल, अभियंता, करनिरीक्षक या संवर्गांत तीच टक्केवारी पाहा, चित्र बदलतं. ज्याला ‘प्रतिनिधित्व पुरेसं आहे’ असं दाखवायचं असतं तो बेरीज दाखवतो. तुम्ही संवर्ग मागा.

एकक बदललं की काय होतं, याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण विद्यापीठांतल्या प्राध्यापक भरतीचं. २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरक्षणासाठी संपूर्ण विद्यापीठाऐवजी एकेक विभाग हे एकक धरायला सांगितलं आणि २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) तसं परिपत्रक काढलं. त्यातून आलेल्या १३ बिंदूंच्या पद्धतीत (बिंदू म्हणजे भरतीच्या क्रमातला पदाचा क्रमांक) चौथं पद इतर मागासवर्गाला, सातवं अनुसूचित जातीला आणि अनुसूचित जमातीला थेट चौदावं. ज्या विभागात तीनच प्राध्यापक, तिथे राखीव पद शून्य. आरक्षणाची टक्केवारी कुणी एका अंशानेही कमी केली नव्हती, तरी जागा गेल्या. देशभर आंदोलन झालं आणि २०१९ च्या कायद्याने केंद्रीय संस्थांसाठी पुन्हा संस्था हे एकक आलं.

३. ‘कितीपैकी’ हे लिहिल्याशिवाय टक्केवारी लिहू नका

सगळ्यात जास्त वाद इथे होतात, म्हणून इथे जरा रेंगाळू.

५ मे २०२१ चा मराठा आरक्षणाचा निकाल घ्या. गायकवाड आयोगाने, म्हणजे तेव्हाच्या राज्य मागासवर्ग आयोगाने, मराठा समाजाची लोकसंख्या सुमारे ३० टक्के धरून सेवांमधला वाटा त्या मानाने कमी असल्याचा निष्कर्ष काढला होता. सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचेच आकडे घेतले, पण भागाकार वेगळा केला. खुल्या प्रवर्गातून भरलेल्या पदांपैकी मराठा किती, असं पाहिलं. तेव्हा गट अ मध्ये ३३.२३ टक्के, गट ब मध्ये २९.०३, गट क मध्ये ३७.०६ आणि गट ड मध्ये ३६.५३ टक्के असं प्रमाण आलं आणि न्यायालयाने ते पुरेसं ठरवलं. राखीव पदांवर ज्यांना जाताच येत नव्हतं त्यांची तुलना राखीव पदांसकट सगळ्या पदांशी कशी करायची, हा त्यामागचा विचार. शिवाय, आयोगाने पुरेसं आणि प्रमाणशीर यांत गल्लत केली, असंही न्यायालयाने म्हटलं. निकाल पटो न पटो, धडा घ्यायलाच हवा. माणसं तीच, पदं तीच. खाली कुठली संख्या ठेवली यावर निष्कर्ष उलटा झाला, आणि राज्याचा मराठा आरक्षणाचा कायदा रद्द झाला. पुढे २०२४ मध्ये शुक्रे आयोगाच्या अहवालावर नवा कायदा आला आणि तोही न्यायालयात गेला.

दुसरं उदाहरण पुन्हा लोकसभेचं. ७४ स्त्री खासदारांना ५४३ ने भागलं तर १३.६ टक्के. आता उमेदवार पाहा: एकूण ८,३६० उमेदवारांत स्त्रिया ८०० च्या आसपास, म्हणजे १० टक्क्यांहूनही कमी. उमेदवारांतल्या वाट्यापेक्षा विजयी झालेल्यांतला वाटा मोठा आहे. याचा अर्थ मतदार बाईला मत देत नाहीत म्हणून लोकसभेत बायका कमी, हे स्पष्टीकरण आकड्यांना धरून नाही. अडथळा तिकिटापाशी आहे. (अपक्षांची मोठी गर्दी उमेदवारांच्या आकड्यात असते, म्हणून पक्षांचे उमेदवार वेगळे काढून पाहिलेलं आणखी बरं.) नोकरभरतीतही तसंच: अर्ज किती, परीक्षेला पात्र किती, मुलाखतीला किती, नेमणूक किती. गळती कुठल्या पायरीवर आहे ते कळलं की मागणी नेमकी होते. अर्जच येत नसतील तर जाहिरात आणि प्रशिक्षणाबद्दल बोला. मुलाखतीनंतर माणसं गळत असतील तर निवड समितीबद्दल.

छेदात काय ठेवायचं, याचे साधारण पर्याय असे: मंजूर पदं, भरलेली पदं, खुल्या प्रवर्गातली भरलेली पदं, पात्र उमेदवार, लोकसंख्या. कुठलाही एक ‘खरा’ नाही. पण एकाच तक्त्यात वरच्या ओळीला मंजूर आणि खालच्या ओळीला भरलेली पदं घेतलीत, तर पहिल्याच बैठकीत समोरचा अधिकारी ते दाखवून देईल आणि उरलेला तक्ताही कुणी बघणार नाही.

४. हाताशी काय काय लागेल

- माहिती अधिकाराचा अर्ज, ‘जोडपत्र अ’ नमुन्यात, आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखाली असाल तर त्या दाखल्याची प्रत जोडा, शुल्क लागत नाही.
- कार्यालयाचा आकृतिबंध मंजूर केल्याचा शासन निर्णय. मंजूर पदं यातून कळतात.
- बिंदुनामावली. कुठलं पद कुठल्या प्रवर्गासाठी आणि त्यावर सध्या कोण, याची ही नोंदवही. विभागीय आयुक्त कार्यालयातला मागासवर्ग कक्ष ती तपासून प्रमाणित करतो.
- त्या संवर्गाची ज्येष्ठता यादी.
- २०११ च्या जनगणनेचे जिल्ह्याचे आणि शहराचे तक्ते.
- साधं एक्सेल. याहून भारी काही लागत नाही.

अर्ज करण्याआधी कार्यालयाचं संकेतस्थळ चाळा. कलम ४(१)(ख) खाली अधिकारी-कर्मचाऱ्यांची यादी स्वतःहून प्रसिद्ध करणं बंधनकारक आहे. यादी असते, बऱ्याचदा जुनी असते, आणि तिच्यात प्रवर्ग नसतो. पण संवर्गांची नेमकी नावं मिळतात आणि अर्जात तीच वापरता येतात.

५. माहितीचा अर्ज लिहा

महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांत हवा. नवखे लोक पहिलं पान अन्यायाच्या इतिहासाला देतात आणि तेवढ्यावर अर्ज परत येतो. इतिहास निवेदनासाठी ठेवा. अर्ज असा कोरडा असू द्या:

*विषय: नगरपरिषदेतील संवर्गनिहाय व प्रवर्गनिहाय पदांची माहिती. कालावधी: १ एप्रिल रोजीची स्थिती.*
*(१) गट अ ते ड मधील प्रत्येक संवर्गाची मंजूर, भरलेली व रिक्त पदे. (२) भरलेल्या पदांची प्रवर्गनिहाय संख्या; त्यात महिला व दिव्यांग किती. (३) आरक्षित प्रवर्गातील किती कर्मचारी खुल्या बिंदूवर दर्शविले आहेत, प्रवर्गनिहाय संख्या. (४) अधिसंख्य पदांवर वर्ग केलेल्या कर्मचाऱ्यांची संख्या. (५) मागासवर्ग कक्षाने शेवटची तपासलेली बिंदुनामावली, नावे झाकून. (६) कंत्राटी व बाह्यस्रोताद्वारे घेतलेल्या कर्मचाऱ्यांची कामनिहाय संख्या.*

‘१ एप्रिल’च्या पुढे वर्ष घालायला विसरू नका, तारीख नसलेला आकडा नंतर कशाशीच जुळत नाही.

‘का’ विचारायचं नाही. ‘आमच्या समाजाची भरती का झाली नाही?’ याला ‘माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही’ हे उत्तर ठरलेलं, आणि ते नियमात बसणारं आहे. कारणं शोधणं तुमचं काम. कार्यालयाने फक्त असलेला कागद द्यायचा असतो.

नावंही मागू नका. जातीसकट नावांची यादी मागितली की खाजगी माहितीचं कलम ८(१)(ञ) दाखवून अर्ज फेटाळला जातो, आणि खरं सांगायचं तर ते बरोबरच आहे. नुसत्या संख्या मागितल्या तर हे कारण पुढे करता येत नाही. बिंदुनामावलीसाठी ‘नावे झाकून’ हे दोन शब्द लिहिले की कलम १० प्रमाणे उरलेला भाग देता येतो.

उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, कलम ६(३). मुदत उलटून गेल्यावर माहिती मिळाली तर ती विनाशुल्क. एरवी झेरॉक्सचे पानाला २ रुपये. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर ३० दिवसांच्या आत प्रथम अपील, ‘जोडपत्र ब’ आणि २० रुपयांचा स्टॅम्प. त्यानेही भागलं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोगाकडे प्रकरणं साचलेली असतात, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः जा. अधिकारी समोर बसलेले असताना ‘मला कागदच बघू द्या, मी लिहून घेतो’ म्हटलं, तर अडलेली पुष्कळ कामं तिथेच सुटतात. अभिलेख पाहण्याचा हक्क कायद्यात आहेच.

६. आलेलं उत्तर वाचायला शिका

‘निरंक’ म्हणजे शून्य. ‘उपलब्ध नाही’ म्हणजे त्यांनी मोजलेलं नाही. दोन्ही वेगवेगळे लिहा. ‘उपलब्ध नाही’च्या जागी शून्य भरून काढलेली टक्केवारी खोटी असते.

आता बिंदुनामावली. समजा, एका संवर्गात १०० मंजूर पदं आहेत आणि ७० भरलेली. राज्यस्तरीय पदांना अनुसूचित जमातींसाठी ७ टक्के, म्हणजे ७ बिंदू. प्रत्यक्षात या प्रवर्गाचे ७ कर्मचारी आहेत, पण त्यातले दोघं गुणवत्तेवर खुल्या जागेतून आलेले. आता बघा: भरलेल्या पदांपैकी १० टक्के, मंजूर पदांपैकी ७ टक्के, आणि राखीव बिंदूंवर पाचच जण, म्हणजे अनुशेष (न भरलेल्या राखीव जागा) दोनचा. गुणवत्तेवर आलेला उमेदवार राखीव जागेत मोजायचा नाही, हे १९९५ च्या आर. के. सबरवाल निकालापासून पक्कं आहे. कार्यालय म्हणेल प्रतिनिधित्व १० टक्के, लोकसंख्येपेक्षाही जास्त. तुम्ही म्हणाल अनुशेष भरा. दोघंही खरं बोलताय. म्हणून ‘प्रतिनिधित्व’ आणि ‘अनुशेष’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. अनुशेष हा राखीव बिंदूंचा हिशेब. तो भरून घेण्यासाठी प्रतिनिधित्व कमी असल्याचं सिद्ध करत बसायची गरज नसते.

उलटंही घडतं. राज्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमाती ९.४ टक्के आणि आरक्षण ७ टक्के. सगळे बिंदू भरले, अनुशेष शून्य, तरीही लोकसंख्येच्या मानाने वाटा कमीच. (आदिवासीबहुल जिल्ह्यांत गट क आणि ड च्या जिल्हास्तरीय पदांना टक्केवारी वेगळी आहे. तिथली बिंदुनामावली वाचताना ७ धरून बसू नका.)

अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या, पदांचा प्रश्न अर्जात मुद्दाम घातलाय. जमातीचा दाखला अवैध ठरलेल्या कर्मचाऱ्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०१७ चा निकाल आला आणि त्यानंतर राज्य सरकारने २१ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने त्यांना अधिसंख्य पदांवर वर्ग करायचं ठरवलं. ही माणसं कार्यालयात दिसतात, पगारपत्रकात असतात, पण त्या प्रवर्गाचं प्रतिनिधित्व म्हणून मोजायची नाहीत. काही तक्त्यांत ती अजूनही जुन्या रकान्यात बसलेली सापडतात.

महिलांचे ३० टक्के आणि दिव्यांगांचे ४ टक्के हे समांतर आरक्षण आहे, प्रत्येक प्रवर्गाच्या आतून आडवं जाणारं. म्हणून प्रवर्गांच्या बेरजेत ते पुन्हा मिळवू नका. बेरीज १०० च्या वर गेली तर हेच झालंय असं समजा.

कंत्राटी कर्मचारी बिंदुनामावलीत येतच नाहीत. त्यांचा तक्ता वेगळा ठेवा. जिथे निम्मं काम बाहेरच्या एजन्सीकडे गेलंय, तिथे कायम पदांवरची चोख टक्केवारी फार थोडं सांगते.

७. लोकसंख्येच्या आकड्यांतले खड्डे

शेवटची झालेली जनगणना २०११ ची. तिच्यात पालघर जिल्हा शोधू नका; तो १ ऑगस्ट २०१४ ला झाला, आकडे ठाण्यात मिसळलेले आहेत. तालुके वेगळे काढून बेरीज करावी लागते. ठाण्याचे जुने आकडे आजच्या ठाण्याला लावणारे तक्ते मी सरकारी सादरीकरणातही पाहिलेत.

बौद्ध आणि अनुसूचित जाती यांची बेरीज करू नका. १९९० पासून बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना तो दर्जा कायम आहे, त्यामुळे तीच माणसं धर्माच्या तक्त्यात बौद्ध आणि जातीच्या तक्त्यात अनुसूचित जाती अशी दोनदा येतात.

इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त, विशेष मागासवर्ग यांची जनगणनेत संख्याच नाही. सगळ्या जातींची शेवटची प्रसिद्ध मोजणी १९३१ ची. पुढच्या जनगणनेत जाती मोजणार, असं केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ ला जाहीर केलं. ते आकडे येईपर्यंत कुणी ‘आमचा समाज राज्यात इतके टक्के’ असं सांगितलं तर तो अंदाज आहे, हे लिहा. आणि आडनावांवरून जात ओळखण्याच्या भानगडीत पडू नका. स्थानिक स्वराज्य संस्थांमधल्या ओबीसी आरक्षणासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाने २०२२ मध्ये राज्यात ओबीसी ३७ टक्के असल्याचं म्हटलं, तेव्हा सगळ्यात मोठा आक्षेप याच पद्धतीवर आला होता. पाटील, देशमुख, जाधव, पवार, शिंदे ही आडनावं किती समाजांत आहेत ते वेगळं सांगायला नको. संमेलनाच्या निमंत्रणपत्रिका किंवा वृत्तपत्रातल्या लेखकांची नावं मोजणारे तर सर्रास हेच करतात. तिथे स्त्री-पुरुष, जिल्हा, ग्रामीण-शहरी एवढंच मोजा. जात मोजायचीच असेल तर त्या व्यक्तीलाच विचारा, आणि ‘सांगायचं नाही’ हा पर्याय ठेवा.

तुलना करायची लोकसंख्याही भरतीच्या व्याप्तीशी जुळायला हवी. लोकसेवा आयोगामार्फत भरलेल्या पदाची तुलना राज्याशी करा. जिल्हास्तरीय भरती असेल तर जिल्ह्याशी. नंदुरबारमध्ये अनुसूचित जमाती जवळपास ६९ टक्के आहेत. तिथल्या राज्यस्तरीय अधिकाऱ्यांची तुलना जिल्ह्याशी केली तर आकडा धक्कादायक दिसेल, पण समोरचा लगेच म्हणेल की ही भरती जिल्ह्यातून होतच नाही.

८. निवेदनात शब्द कसे वापरायचे

एका वाक्यात पाच गोष्टी बसवा: कोण, कुठल्या संवर्गात, कुठल्या तारखेला, कितीपैकी किती, कशाच्या मानाने. उदाहरणार्थ (आकडे काल्पनिक): ‘१ एप्रिल २०२५ रोजी कनिष्ठ अभियंता संवर्गातील ४० भरलेल्या पदांपैकी ३ पदांवर महिला आहेत, समांतर आरक्षण ३० टक्के असताना हे प्रमाण ७.५ टक्के म्हणजे अपुरे आहे.’ एवढं लिहिलं की विशेषणांची गरज उरत नाही. ‘जाणीवपूर्वक डावलले’ असं लिहायचं तर हेतूचा पुरावा हवा. तो नसेल तर ‘अपुरे’वर थांबा. त्याला कुणी आक्षेप घेतला तर त्याला आकडे द्यावे लागतील, आणि ते तुम्हाला हवेच आहेत.

एकही माणूस नसेल तिथे ‘अपुरे’ म्हणू नका, ‘प्रतिनिधित्व नाही’ म्हणा. पण लहान कार्यालयात जपून. सहा पदांच्या ७ टक्क्यांत एक माणूससुद्धा बसत नाही. तिथे विभागातली तशीच कार्यालयं एकत्र घ्या, नाहीतर मागच्या दहा वर्षांच्या नेमणुका एकत्र मोजा.

आणि संख्या पुरेशी दिसली म्हणजे प्रश्न मिटला, असंही समजू नका. महाराष्ट्रात पंचायतींमध्ये २०११ पासून महिलांना ५० टक्के जागा आहेत. संख्येने तिथे अपुरं काही नाही. पण ग्रामसभेत खुर्चीवर सरपंचबाई आणि बोलणारे त्यांचे यजमान, हे चित्र पाहिलेल्यांना पुढचा प्रश्न विचारायलाच हवा. तो ‘अपुरं प्रतिनिधित्व’ या नावाखाली घालू नका, वेगळा मांडा: ठरावाची सूचक-अनुमोदक कोण, कुठल्या समितीचं अध्यक्षपद कुणाकडे, धनादेशावर सही कुणाची. इतिवृत्ताच्या प्रती त्याच माहिती अधिकारात मिळतात.

९. निवेदन दिल्यानंतर

दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ‘ठेवून जा’ म्हटलं तरी पोच घेतल्याशिवाय निघू नका. बिंदुनामावलीतली चूक असेल तर एक प्रत मागासवर्ग कक्षाला पाठवा. ती दुरुस्त करून घेण्याचा अधिकार त्यांचा आहे, तुमच्या कार्यालयाच्या आस्थापना शाखेला तो प्रश्न एकटीने सोडवता येत नाही. अनुसूचित जाती-जमातींचा विषय असेल तर त्यांच्या आयोगाकडे, स्त्रियांचा असेल तर राज्य महिला आयोगाकडे प्रत द्या, पण सगळ्यांना एकाच दिवशी वीस प्रती धाडू नका. प्रत्येकजण दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघत बसतो.

महिन्याभराने नवा माहिती अर्ज करा, दोन ओळींचा: ‘अमुक आवक क्रमांकाच्या निवेदनावर झालेल्या कार्यवाहीच्या टिप्पणीची प्रत.’ फाइल कुठल्या टेबलावर अडली आहे ते टिप्पणीवरच्या सह्या आणि तारखा बघून कळतं. पुढची भेट त्याच टेबलाची घ्या, आणि जाताना तक्ता छापून न्या.